मिरचीचं ऊन

“शीशा? ट्यूब के नीचे?” जनावरांच्या डॉक्टरांनी मिरचीच्या जबड्यावरचा हात काढला.

“जी. गरमी बाहर न निकले, इसलिए,” आमचे हे जरा ऐटीतच म्हणाले.

मिरची म्हणजे आमच्या प्राचीची इग्वाना. मी घोरपड म्हटलं की प्राची चिडायची. गुडगावच्या कॉल सेंटरमधल्या पहिल्या पगारात तिने हे हिरवं ध्यान दिल्लीतल्या आमच्या द्वारकाच्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हा मी काय तणतणले होते! आधीच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पाल दिसली तरी झाडू घेऊन धावणारी बाई मी. पण बापलेकीपुढे माझं कोण ऐकतं? तिने मोठी पेटी करून घेतली, वर जाळी बसवली. एका कोपऱ्यात उबेसाठी बल्ब लावला आणि जाळीवर सिंगापूरहून मागवलेली लांब ट्यूब ठेवली. “आई, हे मिरचीचं ऊन,” म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात धुक्यात कंपनीची कॅब ट्रकवर आदळली आणि प्राची गेली.

तेव्हापासून हे त्या पेटीपाशीच बसायचे. ऑफिसातून रिटायर झालेले, घरात दुसरं बोलायला कोण? माझ्याशी तर बोलणं जवळजवळ संपलंच होतं. दिल्लीची थंडी वाढली तशी त्यांना मिरचीची काळजी लागली. “जाळीतून सगळी ऊब जाते गं, गारठेल ती.” आमच्यासारख्या सरकारी घरात टेबलावर जाड काच असायचीच, खाली फोटो सरकवलेले. ती काच यांनी मापात कापून आणली, जाळीवर ठेवली आणि तिच्यावर ट्यूब. पेटी छान उबदार झाली. उजेड आधीसारखाच लख्ख. मीही म्हटलं, चला, माणूस कशात तरी रमला.

आता वर्षाने मिरचीचे पाय थरथरत होते आणि तिला पालक चावता येत नव्हता.

“अंकल,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “रोशनी शीशे से आ जाती है. हड्डी जिस किरण से बनती है, वो नहीं आती. साल भर इसे धूप मिली ही नहीं.”

“पर ट्यूब तो जलती थी,” हे म्हणाले. आणखी एकदा तेच म्हणाले.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. छतावर खुल्या उन्हात बसवा म्हणाले, पण उम्मीद मत रखिए.

परतताना ऑटोत मिरचीची टोपली यांच्या मांडीवर होती. आमच्या सेक्टरचं वळण आलं आणि हे एकदम बोलले, “बसने नको, कंपनीची कॅब घे, हे मीच सांगितलं होतं तिला. सेफ असते म्हणून.”

“गप्प बसा हो!” मी इतक्या जोरात ओरडले की ऑटोवाल्याने वळून बघितलं. “ट्रक काय तुम्ही चालवत होतात?”

खरं सांगायचं तर हाच विचार वर्षभर माझ्याही डोक्यात होता. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, कधीही यायचा. तोच आज त्यांच्या तोंडून ऐकला. आता ह्या माणसाला मी काय म्हणून सांभाळायचं आणि मला कोण सांभाळणार?

घरी आल्याआल्या यांनी ती काच उचलली आणि खाली कचऱ्यापाशी ठेवून आले. मग आम्ही छतावर गेलो. पाण्याच्या टाक्यांच्या मागून ऊन कसंबसं येत होतं. जुन्या स्वेटरवर मिरचीला ठेवून हे जमिनीवरच बसले. तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून तळहात आडवा धरला. डोक्यावरून विमान गेलं. एरवी ती दचकायची.

मी वाकून पाहिलं. श्वासाबरोबर हलणारी तिची कूस आता हलत नव्हती.

“बघ गं, रंग येतोय ना जरा?” यांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

“येतोय हो,” मी म्हटलं.

“दुसरी बाजू राहिली,” म्हणत त्यांनी स्वेटर अगदी हळू, तिला धक्का लागणार नाही असा, उन्हाकडे फिरवला.