बाईसाहेब परदेशी जातात

मामांनी गाडी दिली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर मांजर व्यायली होती आणि बॉनेटखाली इंजिनापेक्षा गंज जास्त होता. मामा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. कागद भाच्याच्या नावावर करताना त्यांनी एकच अट घातली, तीही तोंडी; जन्मभर लोकांच्या सह्या घेऊन त्यांना सह्यांचा वीट आला होता.

"नीट कर, चालव, मिरव. पण बाईसाहेबांना घराबाहेर द्यायचं नाही."

बाईसाहेब म्हणजे गाडी. मामीही तिथेच उभ्या होत्या, पण त्यांना आजवर कुणी बाईसाहेब म्हटलं नव्हतं.

जुन्या गाड्या नव्याने उभ्या करायच्या, हाच भाच्याचा धंदा. गिऱ्हाइकांची कामं उरकून उरलेल्या वेळात त्याने पत्रा ठोकला, इंजिन उतरवलं, न मिळणारे भाग लेथवर करून घेतले. काही वर्षांनी गाडी अशी झाली, की दाराच्या पत्र्यात बघून भांग पाडावा. मग परदेशातल्या एका शौकिनाने तिचा फोटो पाहून मागणी घातली आणि भाच्याचं मन द्रवलं. गॅरेजशेजारचा गाळा त्याच सुमारास विकायला निघाला होता. मन द्रवायला त्याचाही थोडा हातभार लागला असावा.

गिऱ्हाईक सज्जन निघालं, हीच अडचण झाली. लबाड असतं तर भाच्याला बरं वाटलं असतं. गिऱ्हाइकाने कळवलं, घरच्यांचं मन दुखवून मी कुणाची गाडी नेत नाही. मूळ मालकांनी कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलावेत. भाच्याने उलट कळवलं, की मामांना इंग्रजी येत नाही, ते मराठीत बोलतील, मी खाली भाषांतर देतो. खरं तर मामांचं इंग्रजी पत्र आलं की हेड ऑफिसात शब्दकोश शोधायला माणूस पळायचा.

"घरात आठवण असावी म्हणून करतोय," असं त्याने मामांना सांगितलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, स्टिअरिंगमागे बसले आणि कर्जाची मुलाखत घेतल्यासारखं कॅमेऱ्याकडे पाहू लागले.

"हा माझा भाचा. हिला यानेच पुन्हा उभं केलं. माझ्यामागेही ही याच्याकडेच राहणार, म्हणून मला घोर नाही." मग ते थांबले. "बरोबर झालं ना रे? की परत घेतोस?"

"नको मामा. झकास झालं."

'मला घोर नाही' या वाक्याखाली भाच्याने इंग्रजीत लिहिलं: मी हिला आनंदाने निरोप देतो आहे, जिथे जाईल तिथे ती सुखी राहो. मुलगी सासरी धाडल्यासारखं झालं खरं, पण वाचून त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

गिऱ्हाइकालाही आलं. भरल्या डोळ्यांनी त्याने तो व्हिडिओ आपल्या क्लबच्या पानावर टाकला. तिथून तो एका रिकामटेकड्या मावसभावाला सापडला आणि खानदानाच्या ग्रुपवर येऊन पडला. 'अभिमान वाटतो', 'मामा म्हणजे राजा माणूस', असं सुरू झालं. सगळ्यांत शेवटी मामांचा अंगठा आला. ग्रुपवर ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सुधारणाऱ्या माणसाने नुसता अंगठा टाकला होता.

भाच्याने फोन लावला, वाजायच्या आत बंद केला, पुन्हा लावला. "मामा, जरा गॅरेजवर येता? बोलायचं होतं."

"येतो की," मामा म्हणाले.

ते आले, स्टुलावर बसले. भाच्याने फडक्याला हात पुसले. हात स्वच्छच होते.

"मामा, तो व्हिडिओ..."

एवढ्यात फोन वाजला. पडद्यावर गिऱ्हाईक टाय लावून बसलं होतं. मामा दिसताच त्याने हात जोडले आणि भाच्याला म्हणाला, "एवढंच विचारा, ते मनापासून खूश आहेत ना? ते हो म्हणाले तरच गाडी बोटीवर चढेल."

"मामा, ते विचारतायत..." एवढं बोलून भाचा पुन्हा फडकं शोधू लागला.

मामांनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "साहेब, विकायला मीच सांगितलं. हा तयार नव्हता. फार हळवा आहे. थंडीत तिला लगेच पळवू नका, जरा तापू द्या."

"पण तुम्हाला इंग्रजी येत नाही, असं हे म्हणाले होते."

"तो विनयशील आहे," मामा म्हणाले. "माझ्या वतीनेसुद्धा."

गिऱ्हाईक पोटभर हसलं, आभार मानून गेलं. मामांनी फोन बॉनेटवर ठेवायला हात नेला, चरा पडेल म्हणून मागे घेतला आणि भाच्याच्या हातात दिला.

"मामा, मी त्यांना नाही म्हणून कळवतो. आत्ताच्या आत्ता."

"म्हणजे मी खोटा पडू? बँकेत एवढी वर्षं काढली, कुणासाठी असं बोललो नव्हतो. ते तरी वाया घालवू नकोस."

"मामीला..."

"तिने पाहिलाय. खालचं इंग्रजी मी वाचून दाखवलं. म्हणाली, पोराचं अक्षर सुधारलंय." मामा उठले.

"चला, घरी सोडतो तुम्हाला."

"कशातून?"

गॅरेजमधल्या बाकी सगळ्या गाड्या उघड्या पोटाने पडल्या होत्या. मामा बसस्टॉपकडे चालू लागले. तोही मागून निघाला, पण बरोबरीने चालायचा त्याला धीर होईना.