माझं बदक तुमच्याकडे आहे

धरणाच्या पाण्यात गाव बुडालं, तेव्हा खामफोंगकाकांनी मेकाँगकाठच्या या नव्या गावात एकच जीव आणला. त्यांच्या गेलेल्या बायकोचं लंगडं बदक. तिसऱ्याच दिवशी ते कुंपणाखालून शेजारच्या ओनसीबाईंकडे गेलं ते गेलंच. आता मागायचं कसं? काका इतके बुजरे, की स्वतःच्या सावलीलाही आधी वाट देतील. ओळख ना पाळख, आणि पहिलं वाक्य काय, तर म्हणे बदक द्या!

नव्या-जुन्यांची ओळख व्हावी म्हणून सरपंचांनी दुपारी लामवोंग नाच ठेवला. गोल फिरायचं, मनगटं वळवायची, जोडीदाराला हात लावायचा नाही, आणि माईकवरून हाक आली की जोडीदार बदलायचा. कुणी हात जोडून नाचायला बोलावलं तर नाही म्हणायची सोय नाही. आधी जेवण झालं. बारीक चिरलेल्या बदकाचा, लिंबू-पुदिन्याचा लाप असा फर्मास झाला होता, की काकांनी तीनदा मागून घेतला.

"प्रत्येकाशी दोन शब्द बोलायचेच हं!" सरपंच माईकवर गरजले.

काकांकडे सकाळपासून घोकलेले तेवढेच शब्द होते. डोळे मिटून त्यांनी समोर येईल तिला ते ऐकवले, "माझं बदक तुमच्याकडे आहे." अकरा जणी झाल्या. ओनसीबाईंची पाळी यायच्या आतच वीज गेली, माईक बंद पडला आणि नाच मोडला.

दुसऱ्या दिवशी अंगणात अकरा बदकं! "आमच्याकडे नव्हतंच हो," एक जण म्हणाली, "पण नवा माणूस पहिल्याच भेटीत मागतोय म्हटल्यावर बाजारातून आणलं."

त्यातलं एकही लंगडत नव्हतं. तेवढ्यात ओनसीबाई फणफणत आल्या. "काका, अख्ख्या गावाकडे मागितलंत, मलाच तेवढं वगळलंत? मी काय घोडं मारलंय?"

"तुमच्याचकडे होतं हो," काका पुटपुटले. "लंगडं."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं बाई! बेवारशी समजून मी ते कालच्या लापाला दिलं."

काका मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले. बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं त्यांना. बाईंना काय करावं कळेना. सुचलं ते एवढंच, त्यांनी हात जोडले. आता नाही कसं म्हणणार? काका उठले. ना बाजा, ना कर्णा. अकरा बदकांमधून दोघं गोल फिरू लागले.

दोन शब्द बोलायचेच होते. "माझं बदक तुमच्याकडे आहे," काका हुंदका गिळत म्हणाले.

"आहे हो," ओनसीबाई मनगट वळवत म्हणाल्या. "पण जास्त तुमच्याकडेच आहे."