एका डीव्हीडीत पाच तासांचं लग्न

नेकनूरच्या बाजारपेठेत ‘महादेवी फोटो अँड व्हिडिओ’ अशी झोकदार पाटी होती, आणि पाटीवरच्या महादेवीचा एकही फोटो त्या दुकानात नव्हता. बाकी सगळा गाव होता. बारशातली उघडी पोरं होती, केस चापूनचोपून बसवलेल्या दहावीच्या मुली होत्या, आणि मेलेली माणसं तर कितीतरी होती. कुणी गेलं की घरचे एखादा जुना, कोपरे दुमडलेला ग्रुप फोटो घेऊन दुकानाच्या मालकाकडे, बसवराजकडे यायचे. तो त्यातून म्हातारा अलगद उचलायचा, शेजारचे खांदे पुसायचा, मागे निळं आभाळ लावायचा आणि चौकटीत बसवून द्यायचा. स्वतःच्या आईची, महादेवीची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे चौकट तेवढी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दोष एकट्या त्याचाही म्हणता येत नाही. कॅमेरा वळला रे वळला की महादेवी तोंडावर पदर घेऊन आत पळायची. तुझ्या लग्नात काढ, नवं लुगडं नेसून उभी राहते, असं तिचं ठरलेलं उत्तर. त्याचं लग्न काही जमत नव्हतं, आणि त्यानंही कधी नेट धरला नाही. आई काय, घरातच तर आहे, उद्या काढू. मग ताप आला, कावीळ निघाली, आणि तो उद्या काही उजाडला नाही. मतदार कार्डावर एक फोटो होता, पण त्यात कपाळावरच्या विभूतीखेरीज काहीच दिसत नव्हतं, बाकी सगळं तव्याचं बूड. थोरल्या बहिणीच्या, शिवकन्येच्या लग्नाचा अल्बम होता, तो तलवाड्याला सासरच्या पेटीत वाळवीनं खाल्ला.

आई गेल्यानंतरची शिवगणाराधना जवळ आली. त्या दिवशी भाऊबंद जमणार, विधीला जंगम येणार, आणि मध्ये पाटावर आईचा फोटो हवा. शिवकन्या माहेरीच थांबली होती. तिनं विचारलं तेव्हा बसवराज म्हणाला, ‘‘हाय आक्का. मोहनरावच्या पोरीच्या लग्नात घेतलीय मी मायला. नव्या कॅमेऱ्यात. लई साफ निघंल.’’

मोहनराव म्हणजे गावचे बडे बागायतदार आणि तालुक्याच्या राजकारणातलं प्रस्थ. आदल्या उन्हाळ्यात, दोन हजार आठ साली, त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि त्याच लग्नासाठी बसवराजनं हाय डेफिनिशनचा कॅमेरा आणला. आजूबाजूच्या गावांत तसला कॅमेरा कुणाकडे नव्हता. त्याच्या बारक्या पडद्यात नवरीच्या मेंदीची नखाएवढी वेलबुट्टीसुद्धा मोजून घ्यावी अशी दिसे. बसवराज तेव्हा जमिनीपासून वीतभर वरून चालत होता. मोहनरावांची अट एकच होती. आलेल्या एकूण एक साहेबाचा सत्कार, एकूण एक आहेर त्यात आला पाहिजे, आणि सगळं लग्न एकाच डीव्हीडीत बसलं पाहिजे, कारण ती गावोगाव वाटायची होती. दोन डीव्हीड्या दिल्या तर लोक पहिली बघतात आणि दुसरीचं पोरं चाक करून अंगणात फिरवतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. बसवराजनं मान डोलावली. अडला नारायण म्हणावं तर तो अडलेलाही नव्हता, नुसता भाळला होता.

महादेवी त्या लग्नात होतीच. गावात कुणाचंही कार्य असो, ती पदर खोचून पंगतीत वाढायला उभी. बसवराजनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी लावली आणि पंगतीचा भाग काढला. आई आली. वरणाची बादली घेऊन डावीकडून उजवीकडे गेली. त्यानं चित्र थांबवलं आणि पडद्याजवळ वाकला. आईच्या चेहऱ्याला फणीचे दात फुटले होते. नाक दोन ठिकाणी, डोळे चार. तो एकेक चित्र पुढे सरकवत राहिला. प्रत्येक चित्रात आई तशीच विंचरून ठेवलेली होती, आणि तिच्यामागे खुर्चीत बसलेले मोहनरावांचे व्याही मात्र मिशीच्या केसासकट स्वच्छ.

डीव्हीडी उचलून तो बीडला राधाकिशनकडे गेला. राधाकिशनचं बसस्टँडमागे एडिटिंगचं दुकान होतं, आणि तोंड फाटकं असलं तरी मदतीला तो मागे हटत नसे. त्यानं चित्र बघितलं आणि कपाळाला हात लावला.

‘‘काय करून ठिवलंस बे हे?’’

मग त्यानं समजावून सांगितलं. टीव्हीचं चित्र दोन खेपांत बनतं, आधी एक सोडून एक रेघ, मग मधल्या उरलेल्या. नव्या कॅमेऱ्यानं वरची रेघ आधी काढली होती, आणि डीव्हीडी बनवताना बसवराजनं जुन्या सवयीनं खालची आधी सांगितली. जो माणूस हलत नाही, त्याला काही होत नाही, कारण दोन्ही खेपांत तो तिथंच असतो. जो चालतो, त्याचेच तुकडे होतात. बसवराज ऐकत राहिला. लग्नात कोण हलत नाही? सत्काराला उभे राहिलेले, खुर्चीत बसलेले, कॅमेऱ्याकडे बघून मान ताठ करणारे. आणि महादेवी जन्मात एका जागी उभी राहिली नव्हती.

राधाकिशननं दोन्ही खेपा वेगळ्या केल्या. दात गेले. बसवराज खुर्चीतून अर्धा उठला, पण पडद्यावर आलं ते बघून पुन्हा बसला. आता चेहऱ्याच्या जागी तांबूस चौकोन होते, गोधडीला ठिगळं लावावीत तसे. डोळे नव्हतेच. हे दुसरं दुखणं, राधाकिशन म्हणाला, पाच तासांचं लग्न दीड-दोन तासांच्या जागेत कोंबल्याचं. जागा कमी पडली की मशीन बारकावे फेकून देतं, आणि हलणाऱ्या माणसाचे आधी. उपाय सोपा होता, मूळ कॅसेटवरून पुन्हा करायचं.

बसवराजकडे ती उरली नव्हती. मूळ कॅसेटा त्यानं पुढच्याच लग्नाला पुन्हा वापरल्या होत्या. आईच्या अंगावरून नांदूरघाटची एक वरात गेली होती, आणि तिच्यावरून दुसरं कुणाचं तरी जावळ. कॉम्प्युटरमधलंही जागेसाठी पुसलेलं. सगळेच पुसायचे, त्यानंही पुसलं. लग्नं काय, पैशाला पासरी होतात.

‘‘मग ह्याच्यातून काढ की काहीतरी,’’ तो म्हणाला. ‘‘तू म्हणशील ते करतो.’’

‘‘आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठून येणार?’’ राधाकिशनचा आवाज उतरला होता. ‘‘तुझी माय ह्याच्यात न्हाईच रे. कुठं उभी असली, थांबली असली, तर सांग. थांबलेलं माणूस निघतं.’’

परतीच्या बसमध्ये बसवराज खिडकीला डोकं टेकून बसला होता. सुपात पाखडूनही खडेच हाती यावेत तसं पाच तासांचं लग्न तो मनात पुन्हा पुन्हा पाखडत होता. पंगत, हळद, अक्षता, सगळीकडे आई चालतेय. आणि एकदम त्याला आठवलं. ती थांबली होती. तालुक्याहून आलेल्या साहेबांचा सत्कार चालला असताना ती ताट घेऊन थेट कॅमेऱ्यापुढे आली होती. ताट काठोकाठ भरलेलं, म्हणून सांडेल या भीतीनं अगदी निश्चल उभी. पुढ्यात हॅलोजनचा लख्ख दिवा, पदर डोक्यावर, तोंड उघडं, नजर सरळ भिंगात. कॅमेरा चालू होता. एवढं स्वच्छ त्याला आठवलं की बसमध्येच डोळे भरून आले. फोटो होता. सगळ्या लग्नात एकच, पण होता.

घरी येऊन त्यानं हातपायही धुतले नाहीत. शिवकन्येला हाक मारून शेजारी बसवलं, चौकट काढून मांडीवर घेतली आणि सत्काराचा भाग लावला. कर्ण्यावर नावं पुकारली जात होती. साहेब उठले. मोहनरावांनी फेटा बांधला. आता, तो म्हणाला, आता बघ आक्का.

पडद्यावर मोहनरावांचा फोटो आला. हात जोडलेला, हसरा, आणि त्याच्याभोवती गुलाबाची फुलं गोल फिरत होती.

बसवराजला सगळं कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. एडिटिंग करताना मध्ये कुणी आलं, कॅमेरा हलला, तर त्या कचऱ्यावर तो यजमानांचा फोटो टाकून झाकायचा. फुलं त्यानंच निवडली होती. आवाज तेवढा ठेवायचा, कारण पुकारलेलं एकही नाव तुटून चालत नसे. फुलं फिरत राहिली, आणि कर्ण्याच्या गलक्यात, अगदी कानाशी, दुसराच आवाज आला.

‘‘बसू, सकाळधरनं पोटात कायबी न्हाई तुझ्या. दोन घास खाऊन घे की बाबा.’’

शिवकन्येनं त्याचा दंड धरला. तो पुढचं विसरला होता. आपण हातानंच आईला बाजूला व्हायला खुणावलं असेल, असंच त्याला वाटत होतं. पण लगेच त्याचाच आवाज आला, दबका, वैतागलेला, मुद्दाम रेकॉर्ड केल्यासारखा साफ.

‘‘सरक बाजूला, माय. कावून मधी येतीस? सायेब दिसनात.’’

‘‘बरं बाबा,’’ महादेवी म्हणाली. ‘‘झाकून ठिवते.’’

फुलं थांबली. साहेब दिसले, फेट्याच्या तुऱ्यासकट स्वच्छ. कर्ण्यावर पुढचं नाव पुकारलं गेलं. बसवराजचा हात बटणाकडे जाईना, तेव्हा शिवकन्येनंच वाकून ते दाबलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, परत लाव. त्यानं लावलं. आई पुन्हा म्हणाली, तो पुन्हा म्हणाला, आई बरं म्हणाली. शिवकन्येनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, आणि आईचं बोलणं संपताच तिनं डोळे मिटले, जणू पुढचं तिला ऐकायचं नव्हतं.

‘‘बसू,’’ ती हलकेच म्हणाली. ‘‘फोटो ऱ्हाऊ दे. आराधनेला मायचा आवाजच लावू. तुझं बोलणं तेवढं काढता येतं का रे त्यातनं?’’

येत होतं. जोडणं, उजळणं, हरवलेलं परत आणणं, यातलं काही त्याला जमलं नव्हतं, पण काढणं त्याला फार चांगलं येत होतं. त्यानं मांडीवरची रिकामी चौकट बाजूला ठेवली.

‘‘येतं,’’ तो म्हणाला. ‘‘पण न्हाई काढत, आक्का. मायनं ऐकलं तेवढं लोकांनीबी ऐकू दे.’’