वयाच्या घरात वजन

मित्रांनो, मी प्राण्यांच्या दवाखान्यातला एक जुना कीबोर्ड आहे. सध्या माझा मुक्काम काउंटरखालच्या उघड्या खोक्यात, एका तुटक्या पिंजऱ्याशेजारी आहे. माझी काडीचीही चूक नसताना मला इथे टाकले आणि तो राग अजून गेलेला नाही.

कारखान्यात माझे एकेक बटण दाबून पाहिले गेले आणि मी थेट या काउंटरवर आलो. इथे मावशी बसतात. एका हाताने त्या धडपडणारे जनावर धरतात आणि दुसऱ्या हाताने टाइप करतात. पडद्याकडे बघायला त्यांना सवड कुठली? नाव लिहायचे, टॅब दाबायचा, वजन लिहायचे, टॅब दाबायचा, वय लिहायचे. टॅब म्हणजे पुढच्या चौकटीत नेणारे माझे डावीकडचे बटण. मावशींच्या बोटाने ते गुळगुळीत झाले होते. "हा आहे म्हणून माझं निभतंय," असे त्या म्हणत आणि मी फुशारून जाई.

मग एकदा डॉक्टरबाईंनी सांगितले, आधी वय हवे आणि त्याखाली वजन, म्हणजे वजन औषधाच्या मात्रेजवळ दिसेल. प्रोग्राम मावशींच्या भाच्याने बनवलेला. त्याने माऊसने वयाची चौकट उचलून वर नेली, वजनाची खाली आणली, दोन्ही अगदी एका रेषेत बसवल्या आणि चहा पिऊन गेला. पण प्रत्येक चौकटीला आतून एक क्रमांक असतो आणि टॅब त्या क्रमांकाने चालतो. चौकट हलवली म्हणून क्रमांक हलत नाही. तो बदलायला हा शहाणा साफ विसरला.

झाले. मावशी आता नव्या क्रमाने आधी वय लिहीत आणि ते वजनात जाई, मग वजन लिहीत आणि ते वयात. दोन्ही आकडेच, त्यामुळे कॉम्प्युटरही हूं की चूं करेना. मला सगळे कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

"मावशी, हा कुत्रा तीस वर्षांचा?" डॉक्टरबाईंनी विचारले. मावशी ओशाळल्या. भाच्याला बोलावले. त्याने प्रत्येक चौकटीवर माऊसने टिचकी मारली, आकडे भरले आणि मान डोलावली.

"प्रोग्राम ठीक आहे गं मावशी. तुझीच बोटं घसरतायत. नाहीतर हा खटारा बदल."

"इतकी वर्षं नाही घसरली ती?"

"आता वय झालं ना तुझं."

नवा कीबोर्ड आला, मी खोक्यात गेलो. माझ्या जागी आलेला तो चकचकीत पोरगाही टॅब दाबला की चुकीच्याच घरात जात होता, पण त्याला कोणी खटारा म्हणाले नाही.

मग पैलवान आला. पैलवान म्हणजे एका आजोबांचा हाडकुळा म्हातारा कुत्रा. वय चौदा, वजन पाच किलो. किडलेला दात काढण्यासाठी त्याला भूल द्यायची होती. पडद्याने त्याला चौदा किलोचा ठरवला आणि तेवढी मात्रा दाखवली. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन भरले. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी पैलवानाला जवळ ओढायला पोटाखाली हात घातला आणि त्या थबकल्या.

"मावशी, हा चौदा किलो?"

"नाही हो. चौदा वर्षं, पाच किलो."

इंजेक्शन खाली ठेवले गेले. आजोबांनी पैलवानाच्या पाठीवर हात ठेवला. भाचा धावत आला, तेव्हा डॉक्टरबाईंनी पैलवानाला त्याच्या कुशीत दिले.

"याला धर आणि आता भर."

एक हात कुत्र्यात अडकलेला, माऊस लांब. त्याने नाव लिहून टॅब दाबला. पडद्यावरची लुकलुकणारी रेघ वय ओलांडून वजनात गेली. पुन्हा दाबला, तर उलटी वर चढली.

"तुझी बोटं नव्हती गं मावशी. माझंच चुकलं."

"आणि माझं वय झालं, ते?"

त्याने मान खाली घातली आणि दोन क्रमांक बदलले. एवढेसे काम, पण त्यावाचून केवढा ताप. मग मात्रा नव्याने काढली, दात निघाला आणि पैलवान आजोबांच्या कडेवर बसून घरी गेला.

मित्रांनो, दुसऱ्यासाठी काही बनवाल तर एकदा त्याच्या खुर्चीत बसून, त्याच्यासारखे हात अडकवून वापरून बघा. नुसते दिसण्यावर जाऊ नका. त्या दिवशी ते इंजेक्शन टोचले गेले असते, तरी पडद्यावरच्या चौकटी अगदी एका रेषेतच दिसल्या असत्या.