नकाशावर वारा शून्य

तुम्ही खोटं बोललात. चूक नव्हे, खोटं. वारा मोजता आला नाही तर माहीत नाही म्हणायचं. तुम्ही तुमच्या हवामान खात्याच्या नकाशावर शून्य लिहिलंत, आणि त्या शून्यावर विसंबून मी नुकत्याच कातरलेल्या गाभण मेंढ्या वरच्या कुरणात सोडल्या.

पण मेंढ्या माझ्या. त्यांचं मी बघेन. मॉर्व्हा टलकचं काय?

मॉर्व्हाने आयुष्यभर आमच्या ओटॅगोच्या खोऱ्यात शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर टेकडीवरच्या घरामागे खांब रोवून घरगुती हवामानयंत्र बसवलं. वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या, एवढंच ते. तुम्ही खिंडीतलं तुमचं यंत्र काढून नेलंत आणि तिचे आकडे फुकटात नकाशावर घेतलेत. मेंढ्या व्यायच्या आधी कातरायची आमच्याकडची रीत. कातरलेली मेंढी थंडी सोसते. थंडीत वारा सुटला की मरते. त्यामुळे अख्खं खोरं त्या वाट्यांकडे बघून मेंढ्या बाहेर काढायला लागलं.

ओला बर्फ पडून गोठला की वाट्या जाम. मॉर्व्हाने गरम पाणी ओतून पाहिलं, ते तिथेच गोठलं. तेल फवारलं, दोन दिवस टिकलं. शेवटी हिवाळ्यात रोज सकाळी लांब वायर ओढून, शिडीवर चढून, हेअर ड्रायरने ती त्यांना शेकायची. स्वतःच्या केसांना कधी लावलास का तो, असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "माझे केस कोण बघतंय? वाट्या सगळे बघतात."

गोठल्यावर आकडा कोरा ठेवा, असं तिने तुम्हाला किती वेळा फोन करून सांगितलं. मॅडम, शून्य हीसुद्धा नोंदच असते, असं तुमच्यातल्या कुणीतरी तिला गोड आवाजात समजावलं.

ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. जाण्याआधी तिने पुन्हा फोन केला: शिडीवर चढायला कुणी नाही, मी परत येईपर्यंत माझं यंत्र नकाशावरून काढा. तुम्ही हो म्हणालात. तिने मलाही तसं सांगितलं. म्हणून त्या सकाळी नकाशावर तिच्या यंत्राचा शून्य दिसला तेव्हा मी धरून चाललो, की कुणीतरी वाट्या मोकळ्या केल्या असणार. खाली धुकं होतं, गवताची काडी हलत नव्हती. मी फाटक उघडलं.

वर दक्षिणेचा, ध्रुवाकडून येणारा गार वारा घोंगावत होता. मेंढ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून मेल्या.

मॉर्व्हा इस्पितळातून परतली ती कुबड्या घेऊन आधी माझ्या अंगणात. तुझा काय दोष, असं मी म्हटलं.

"त्या आकड्याखाली नाव माझं होतं ना रे," ती म्हणाली. "आधी तो खांब उतरव."

मी उतरवला. ते यंत्र आता तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, चहाच्या किटलीशेजारी. बोलता बोलता ती बोटाने वाटीला टिचकी मारते. वाटी छान फिरते.

काल तिथेच बसून मी तुमचा नकाशा उघडला. बाहेर छपराचे पत्रे वाजत होते. टलक टेकडी, वारा शून्य. मॉर्व्हाने पाहिलं आणि माझा फोन टेबलावर पालथा ठेवला.

खांब नाही, वाट्या टेबलावर. मग तिच्या नावावर हा वारा कोण मोजतंय? उत्तर मला पाठवू नका. टेकडी चढा, तिच्या समोर बसा, आणि तिला द्या.