स्लोवर न टिकणारी गाडी

इंजिनाचा आवाज आपोआप चढला तेव्हा सुदामचे दोन्ही हात बॉनेटच्या बाहेर होते आणि गाडीत कुणीच बसलेलं नव्हतं. आवाज चढत गेला, क्षणभर वर टिकला, मग दमल्यासारखा खाली आला. आता गाडी बंद पडणार असं वाटलं, पण पडली नाही. पुन्हा आवाज चढू लागला.

"आला माझा पोर," ओट्यावरून पुतळीबाई म्हणाली, आणि इतका वेळ मांडीवर नुसतंच धरून ठेवलेलं ताट पुढे ओढून तिने नागलीची भाकर मोडली.

"ऐकलंस?" तिचा थोरला मुलगा प्रविण सुदामच्या कानाशी लागला. "आमच्या धाकट्या उमेशला जाऊन दोन वर्षं झाली, पण गाडी चालू केल्याशिवाय आई घास तोंडात घेत नाय. झरी गावातली माणसं आमच्या अंगणातून जायची बंद झाली. भगत आला, नारळ फोडून गेला, काय फरक नाय. उद्या वापीचा माणूस गाडी बघायला येतो. तेवढा वेळ ती गप उभी राहिली पाहिजे."

"बघतो, प्रविणदादा."

"बघतो नको. कर," म्हणून प्रविण शेताकडे निघून गेला.

गाडी दोन सीटांची, उघड्या टपाची, परदेशी आणि सुदामपेक्षा वयाने मोठी. घोलवडकडच्या एका चिकूवाडीत ती पानांच्या ढिगाखाली गंजत पडली होती. शर्यतीची गाडी म्हणे! उमेशने ती भंगाराच्या भावात उचलून आणली तेव्हा तलासरीच्या हायवेवरचे सगळे मेकॅनिक त्याला हसले होते. सुदाम सगळ्यांत जास्त हसला होता, कारण गॅरेज दोघांचं होतं आणि निम्मी जागा त्या धुडाने अडवली होती. उमेशने हट्टाने ती धावती केली. मग एके दिवशी हायवेवर भलत्याच कुणाची बंद पडलेली गाडी ढकलताना मागून आलेल्या ट्रेलरने त्याला उडवलं. या गाडीचा त्यात काही संबंध नव्हता. पण तो गेल्यावर ती स्लोवर, म्हणजे उभ्या जागी एका लयीत, टिकेना, आवाज वर-खाली होऊ लागला, आणि उमेश तिच्यात येऊन बसतो असं लोकांनी ठरवून टाकलं.

सुदामचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. निदान नाही असं तो चारचौघांत म्हणायचा. वर्षभरापूर्वी त्याने या गाडीचा कार्बोरेटर खोलला, तर आत उमेशचा जुगाड निघाला होता. झाकणाखाली एक रबराचा पडदा असतो, हवेच्या ओढीबरोबर तो हलतो. तो पडदा उमेशने चक्क फुग्याच्या रबराचा बसवला होता. पेट्रोलच्या वाफेने ते रबर महिनाभरात फुगतं, सैल पडतं आणि गाडी झोकांड्या खायला लागते. सुदामने मुंबईहून खरा, काळा पडदा मागवून बसवला. गाडी शिलाई मशीनसारखी चालू लागली. ती पुन्हा बिघडल्याचं प्रविणने कळवलं तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. आज त्याला हसू येत नव्हतं.

त्याने प्लग काढून पाहिले, ते छान होते. वायरी बदलल्या. हवेच्या प्रत्येक पाइपावर क्लीनरचा फवारा मारला. कुठे चीर असती तर तिथे आवाज बदलला असता. बदलला नाही. कार्बोरेटरकडे तो मुद्दामच वळत नव्हता, कारण तिथलं काम त्याचं स्वतःचं होतं आणि त्यात खोट निघालेली कुणाला आवडते? शेवटी त्याने इंजिन बंद केलं आणि नाइलाजाने झाकणाचे स्क्रू काढले.

आत काळा पडदा नव्हता. पिवळट, फुग्याच्या रबराचा होता.

उमेशचा जुना पडदा सुदामने स्वतः गॅरेजमागच्या कचऱ्यात जाळला होता. हा नवा होता, अजून पुरता फुगलेलाही नव्हता. कड कापायची पद्धत मात्र उमेशचीच. भर दुपारी, पायाशी कोंबड्या दाणे टिपत असताना सुदामच्या अंगावर काटा आला. सरळ सांगायचं तर तो घाबरला.

"उमेश," तो पुटपुटला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला.

मग त्याला स्क्रूच्या खाचेत पांढरी पावडर दिसली. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कारखान्यात लावतात, ती.

पाण्याचा तांब्या घेऊन उमेशची बायको जयश्री त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात ती कामाला जायची. आज तिला सुट्टी होती. तिने उघड्या कार्बोरेटरकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

"तुम्ही, वहिनी?"

"त्यांच्या वेळीपण रबर मीच आणायची. साचा रबरात दोनदा बुडवून जाड करायचं. बसवायला त्यांनीच शिकवलं."

"आणि मी बसवलेला?"

ती घरात गेली आणि एक डबा घेऊन आली. काळा पडदा आत पुसून ठेवलेला होता.

"तुम्ही गाडी नीट केलीत, आणि आई म्हणाल्या, पोर गेला. आठवडाभर नुसत्या पाण्यावर राहिल्या. डॉक्टर झाला, सलाइन झालं. मी काय करणार, सुदामभाऊ? रबर बसवलं, आणलं ह्यांना परत." तिने डबा त्याच्यापुढे धरला. "आता उद्या गिऱ्हाईक येईल. तुम्ही म्हणाल तो बसवू. पण आईंना यातलं काही बोलू नका. मरतील त्या."

सुदाम तांब्या उचलून ओट्यावर जाऊन बसला. पुतळीबाईचं जेवण आटोपलं होतं. दोन भाकरी पोटात गेल्यावर ती तृप्तपणे भिंतीला टेकली होती. तिला विचारावं की नाही हे त्याला ठरवता येईना, आणि ठरायच्या आत तोंडातून निघूनही गेलं.

"काकी, गाडी विकली तर तुझं कसं होईल?"

"माझं काय व्हायचं?" म्हातारी म्हणाली. "पोर माझ्या डोळ्यांसमोर चितेवर जळला. तो गाडीत कशाला बसेल?"

"म्हणजे?" सुदाम जवळजवळ ओरडलाच.

"हळू बोल," ती म्हणाली. "जयश्री सुट्टीच्या दिवशी गाडी खोलते. मी खाटेवरून बघते. त्याच्यासारखे ओठ दाबून स्क्रू फिरवते. मग दोन दिवस माणसात असते, माझ्याशी बोलते, डोक्याला तेल लावते. तू गाडी चांगली केलीस आणि पोरीचं बोलणंच बंद झालं. नुसती भिंतीला बघत बसायची. विहिरीवर गेली की माझा जीव थाऱ्यावर नाय."

"म्हणून तू..."

"मी बोलले, पोर गेला. आणि जेवण टाकलं. तिने गाडीला हात घालीपर्यंत टाकलं." पुतळीबाईने पदराने डोळे पुसले. "या वयात उपास सोसत नाय रे. पण दुसरं काय करणार होते मी?"

गाडीपाशी जयश्री वाट बघत होती. एका हातात काळा पडदा, दुसऱ्यात पिवळा.

"कुठला बसवू, सुदामभाऊ?"

प्रविणला काय सांगायचं, ते सुदामला सुचत नव्हतं. वापीच्या माणसाला काय सांगायचं, तेही नव्हतं. त्याने म्हातारीकडे पाहिलं, तर ती दुसरीकडेच बघत होती.

"तुमचाच बसवा," तो म्हणाला. "काकींना भूक लागलीय."

जयश्रीने ओठ दाबले आणि स्क्रू फिरवायला घेतले. थोड्या वेळाने इंजिन चालू झालं. आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला.

"आला माझा पोर," पुतळीबाई मोठ्याने म्हणाली. भरल्या पोटी तिने आणखी एक भाकर ताटात घेतली, मोठासा तुकडा मोडला आणि सून बघतेय याची खात्री करून तो तोंडात घातला.