दोन कमरांचा दोरा

मी बोलतोय तो इकबालच्या रक्तातला दोरा. पांढऱ्या पेशीतला, डीएनएचा. इकबाल कसा घडवायचा, त्यातली बरीच पानं माझ्यावर लिहिलेली आहेत.

तुटणं मला नवं नव्हतं. एकाहत्तर साली दापोडीत इकबालला सणकून ताप आला, पेशी भराभर वाढायला लागल्या आणि त्या गडबडीत मी मधोमध तुटलो. पण तेव्हा बहीण शेजारी होती. पेशी दुभंगायच्या आधी आमची हुबेहूब नक्कल निघते, तीच माझी जुळी बहीण. माझी तुटकी टोकं कुरतडून साफ झाली, एक टोक चाचपडत तिच्यात शिरलं, जुळणारी अक्षरं सापडली आणि गेलेला मजकूर तिच्याकडे बघून पुन्हा लिहिला गेला. काना-मात्रा चुकली नाही! मग पेशी दुभंगली. ती तिकडे गेली, मी इकडे एकटा राहिलो.

पुढे इकबाल चिंचवडच्या एका कारखान्यात लागला. टाक्यांच्या वेल्डिंगमध्ये कुठे चीर राहिली का, ते बघायला त्याचे किरणांनी फोटो काढायचे. काम मिळवून दिलं मोशीच्या अर्जुनरावांनी, ते तिथले सुपरवायझर. इकबाल त्यांना नाना म्हणायचा. या कामात छातीला बॅज लावतात. अंगावर किती किरण पडले ते त्यातल्या फिल्मवर उमटतं, आणि जास्त उमटलं की माणसाला तिथून हलवतात. नानांकडे दुसरा तयार माणूस नव्हता, म्हणून ते म्हणाले, बॅज कपाटात ठेव. आमचा शहाणा रोज ठेवायला लागला.

एकोणऐंशीतल्या एका दुपारी ज्या गोळीतून किरण निघतात ती नळीत अडकली, तिच्या शिशाच्या डब्यात परत जाईना. टाकी न्यायला ट्रक दारात उभा. नानांनी घाई केली, इकबालनं नळी हातात धरून ठोकली. मी तुटलो. शेजारचा दोराही तुटला. बहीण नव्हती, कुणाकडे बघून लिहिणार? पेशीनं हाताला लागली ती टोकं चिकटवली. माझं टोक त्या परक्याला! दोऱ्याला एकच कंबर असते, पेशी दुभंगताना धरून ओढायची जागा; मला दोन झाल्या.

संध्याकाळी इकबालला उलट्या. कारखान्यानं बॅज पाहिला, कोरा. म्हणे, खाण्यातलं काही बाधलं असेल. त्याची बायको कनीज मात्र ऐकेना. माझ्या हातचं सगळ्या घरानं खाल्लं, मग यांनाच कसं बाधलं, म्हणाली आणि त्याला पुण्याच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथे रक्त काढून मला काचेवर पसरलं. असे दोन कमरांचे दोरे इतके सापडले म्हणजे किरणच लागलेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला कोण आनंद झाला! मोडक्या अंगाचा साक्षीला तरी उपयोग होणार होता.

बाईंनी इकबालला आणि नानांना समोर बसवलं. त्या म्हणाल्या, रक्तात किरणांच्या खुणा आणि बॅज कोरा, म्हणजे तो अंगावर नव्हताच; तो काढायला कुणी सांगितलं ते कळलं तर ते काम थांबवता येईल, इलाजही कंपनी करेल. नाहीतर चूक कामगाराची.

"बॅज मीच विसरायचो, बाई," इकबाल म्हणाला. "नानांनी मला पोरासारखं ठेवलंय."

"व्हय," नाना म्हणाले. "लई इसराळू हाय पोरगं."

बाईंनी तसंच लिहिलं. महिन्यानं तपासणीचे कागद न्यायला कनीज एकटीच आली. तिनं बाईंना सांगितलं, निष्काळजी म्हणून इकबालला कामावरून काढलं. त्याच्या जागी आता चिमाजी नावाचा नवा कामगार आहे, आणि त्याचाही बॅज कपाटात असतो.

मी काचेवर वाळून गेलोय. माझी दुरुस्ती आता व्हायची नाही. पण इकबाल, अरे, तुझ्यासाठी मी परक्याला चिकटून जगलो. तू एक शब्द बोलायला हवा होतास रे.